आपणच तांडेल : व्हिटसंडे बेटांतील नौकाविहार

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘कॅटामरान’ हा शब्द आज जगभर रूढ असला, तरी तो मूळचा आपल्याच देशातील आहे. तमिळ भाषेत ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरील मच्छीमार ओंडके एकत्र बांधून समुद्रात जात. त्या तराफ्याचे हे नाव. पुढे ते दोन समांतर सांगाड्यांच्या नौकेस लाभले. अशी शिडाची नौका काही दिवसांसाठी भाड्याने घ्यावी, सोबत खलाशी न घेता कुटुंबासह बेटाबेटांतून हिंडावे, अशी प्रथा अनेक देशांत आहे. प्रवाशास मोकळीक द्यायची आणि त्याचे प्राण व समुद्राची संपत्ती ही दोन्ही राखायची, हे कसे साधावे? ऑस्ट्रेलियातील व्हिटसंडे बेटांवरून याचे काही उत्तर मिळते.

क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यालगत ७४ बेटांचा हा समूह आहे. तो ज्या ग्रेट बॅरिअर रीफ परिसरात मोडतो, त्याच्या संरक्षणासाठी १९७५ साली कायदा झाला आणि १९८१ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथे भाड्याची नौका स्वतः हाकणाऱ्यास नौकाचालनाच्या परवान्याची अट नाही, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल.

परंतु याचा अर्थ बेबंदपणा नव्हे. नौका ताब्यात देण्यापूर्वी प्रवाशास नकाशा, भरती-ओहोटी, नांगर व इंजिन यांची माहिती देतात आणि नौका प्रत्यक्ष हाताळून पाहावयास लावतात. त्याची तयारी अपुरी वाटल्यास जाणकार मार्गदर्शक सोबत दिला जातो. रात्री नौका हाकण्यास मनाई असते. दिवस मावळण्याच्या बऱ्याच आधी सुरक्षित जागी नांगर टाकावा लागतो. ठरलेल्या वेळी रेडिओवरून आपला ठावठिकाणा कळवावा लागतो आणि हवामानाचा अंदाज ऐकून घ्यावा लागतो.

या नियमांमागील कारण नौकेच्या रचनेतच आहे. एका सांगाड्याची नौका वारा वाढला की कलते. त्या कलण्यातूनच चालकास इशारा मिळतो. कॅटामरान रुंद असल्याने फारशी कलत नाही. मुले व वृद्ध यांना ती सोयीची वाटते ती यामुळेच. परंतु शिडावर ताण वाढत असता नवख्यास तो जाणवत नाही. आणि एकदा उलटली, तर ती आपोआप सरळ होत नाही. म्हणून वारा विशिष्ट वेगास पोहोचताच शीड आखडावे, असा दंडक असतो. जेथे इंद्रिये इशारा देत नाहीत, तेथे नियमाने तो द्यावा लागतो.

प्रवाळाचेही असेच आहे. नांगर आणि त्याची साखळी तळावर घासली, की वर्षानुवर्षे वाढलेले प्रवाळ क्षणात मोडते. वर बसलेल्या प्रवाशास त्याची वार्ताही नसते. यासाठी शासनाने ठिकठिकाणी निळे सार्वजनिक बोये ठेवले आहेत. किती लांबीची नौका, किती वाऱ्यापर्यंत बांधावी, हे बोयावरच नमूद असते. पिरॅमिडच्या आकाराचे पांढरे बोये मर्यादारेषा दाखवितात. त्या रेषेच्या आत, प्रवाळाच्या बाजूस, नांगर टाकता येत नाही. मासेमारीस कोठे बंदी आहे, हे क्षेत्रनकाशात दाखविलेले असते.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे आणि तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले आहे. आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या नौका वाढाव्यात, त्यातून गावाला रोजगार मिळावा, ही इच्छा रास्तच आहे. मात्र नौका येण्यापूर्वी बोये, नकाशे, शिकवण आणि संपर्काची सोय सिद्ध असली पाहिजे. नांगर कोठे टाकू नये, हे गावच्या तांडेलास पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते. त्याचे हे ज्ञान नकाशावर उतरविण्याचे काम पंचायत व शाळा यांनी मिळून हाती घ्यावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.