भेंडीचें बीं

दादरच्या बाजारांत भेंडी घेतांना आपण शेंडा मोडून पाहतों. कट्कन् मोडला कीं भेंडी कोवळी, मग भावाची घासाघीस. मीही गिरगांवांतून तेथवर जाऊन वर्षानुवर्षें हेंच करीत आलों आहें. परंतु ही भेंडी कोणत्या बियांची, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत मला कधीं पडला नाहीं. आणि मी तर मुलांना प्रश्न विचारण्यांतच जन्म घालविलेला मास्तर!

तो पडला माझ्या मावसभावामुळें. पालघरकडे त्याची वीस गुंठे जमीन आहे. एका वर्षीं त्यानें संकरित भेंडीचें बियाणें विकत आणून लावलें. पीक उत्तम आलें. पुढच्या वर्षीं पैसे वांचावे म्हणून त्याच पिकाचें बीं धरून पेरलें. तेव्हां एक झाड उंच तर दुसरें खुजें, शेंगा कांहीं आंखूड, कांहीं वांकड्या. आणि श्रावण सरण्यापूर्वीं निम्मा मळा पिवळा पडला. यांत कोणाची लबाडी नव्हती. संकरित बियाण्याचे गुण पहिल्या पिढीपुरतेच एकसारखे राहतात, पुढें ते विखुरतात. तें तयार करण्यासाठीं कळींतील पुंकेसर आदल्या सायंकाळीं हातानें काढावे लागतात, आणि सकाळीं दुसऱ्या जातीचा पराग तेथें लावावा लागतो. एवढे कष्ट असल्यावर तें महाग असणारच. पण वीस गुंठेवाल्याला तो खर्च दरवर्षीं करावा लागतो.

मळा पिवळा पडण्याचा रोग मात्र जुना आहे. १९२४ सालीं कुलकर्णी नांवाच्या शास्त्रज्ञांनीं मुंबई इलाख्यांत त्याची नोंद केली होती. शेतकरी त्याला हळद्या किंवा केवडा म्हणतात. पांढरी माशी त्याचा विषाणु झाडोझाडीं नेते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेंगाही फिकट होतात. रोग जडलेलें झाड औषधानें बरें होत नाहीं. तेव्हां झाडच मुळांत कणखर हवें. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें ‘पुसा सावनी’ ही जात त्यासाठींच काढली. ती गाजली, पण कांहीं काळानें तीही पिवळी पडूं लागली.

तेव्हां परभणीच्या मराठवाडा कृषि विद्यापीठांत जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनीं भेंडीच्या एका रानटी नातलगाकडे धांव घेतली. या रानटी जातीला हळद्या सहसा बाधत नाहीं. तिचा आणि पुसा सावनीचा संकर केला. पण अशा दूरच्या सोयरिकींत संततीला बीं धड धरत नाहीं. म्हणून ती पुन्हा पुसा सावनीशींच जुळवीत, पिढ्यान्‌पिढ्या निरोगी झाडें निवडीत जावें लागलें. शेंग घरची आणि कणखरपणा रानाचा, अशी ‘परभणी क्रांति’ १९८५ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आली.

माझ्या मतें तिचा मोठा गुण निराळाच आहे. ती सरळ जात असल्यामुळें तिचें घरीं धरलेलें बीं तशीच भेंडी देतें. फक्त शेजारीं दुसरी भेंडी नको, कारण मधमाशा पराग मिसळतात. उत्पन्नांत संकरित भेंडी बहुधा सरस ठरते, आणि परभणी क्रांतीचा कणखरपणाही पुढें ठिकठिकाणीं उणावला, हें मी झांकून ठेवीत नाहीं. पण बीं स्वतःच्या मडक्यांत असणें ही लहान शेतकऱ्याला केवढी निश्चिंती! २००१ च्या कायद्यानें बीं राखण्याचा त्याचा हक्क मान्यही केला आहे.

मावसभावानें यंदा परभणी क्रांतीचा एक वाफा मळ्यापासून दूर, विहिरीपलीकडे लावला. चांगल्या दहा झाडांना त्यानें तांबडा दोरा बांधला आहे. मी गेलों तेव्हां पिशवीभर भेंडी दिली. पण त्या दहा झाडांकडे हात नेला, तर ‘अण्णा, तेवढ्या राहूं द्या,’ म्हणाला.