बंद नळातला दाब



ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या जागी तीनमजली घरं उभी राहिली. गच्चीवर टाक्या आल्या, प्रेशर पंप आले आणि त्यांच्या मागोमाग एक तक्रार आली. मे महिन्यात दुपारी नळ उघडला की पाणी अंगावर उसळतं आणि क्षणात नेहमीच्या धारेवर येतं. पंप तर बंद असतो. प्लंबर येतो, वायसर बदलतो, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

उत्तर त्या एका क्षणातच आहे. पंपाचा किंवा टाकीचा दाब पाणी वाहतं तोवर टिकतो. उसळून लगेच ओसरतो तो दाब कोंडलेल्या पाण्याचा.

टाकीतली पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर नळाशी साधारण १ किलो दाब मिळतो. प्रति चौरस सेंटिमीटर, अर्थात. गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्यावर फार तर किलोभर दाब येईल. पंप बंद असताना नळावरचं दाब मोजणारं गेज ४ किलो दाखवत असेल, तर तो टाकीचा नव्हे.

पूर्वी हे होत नसे, कारण तापलेलं, फुगलेलं पाणी नळीतून उलटं टाकीत जाई. प्रेशर पंपाबरोबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसला आणि ती वाट बंद झाली. ग्वाल्हेरचं ऊन ४५ अंशांवर गेलं की गच्चीवरच्या उघड्या नळीतलं पाणी तापतं. पूर्ण बंद, ताठ नळीत पाणी ३० अंशांवरून ३१ वर गेलं, तर हिशेबाने दाब ६ किलोंहून अधिक चढतो. एका अंशाला इतका! प्रत्यक्षात नळी थोडी ताणते, वायसर दबतात, म्हणून निभावतं. जानेवारीत हीच तक्रार पहाटे येते. तेव्हा ऊन नसतं, गीझर असतो. 

शोधायचं कसं? नळाला गेज लावा. गीझरचं बटण बंद करून पाणी निवू द्या, मग एका वेळी एकच कॉक बंद करत जा आणि काटा चढायचा कधी थांबतो ते पाहा. मिक्सरकडे विशेष लक्ष द्या. शॉवरच्या टोकाला कॉक असेल आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या, तर थंड पाण्याचा दाब गुपचूप गरम पाण्याच्या नळीत शिरतो. महानगरपालिकेची लाइन टाकीच्या लाइनला जोडलेली असेल, तर टाकी विनाकारण भरून वाहू लागते. याच जोडणीतून पुरवठा थांबल्यावर घरातलं पाणी उलटं मुख्य वाहिनीत ओढलं जाऊ शकतं, आणि लाइनवर थेट टुल्लू पंप लावणाऱ्यांच्या शेजारी तर फुटक्या नळीतून गटाराचं पाणीही आत येतं. यावर आपण फार कमी बोलतो.

कोंडलेलं पाणी काय करतं हे या शहराला कोणी शिकवायला नको. सांक नदीवरचं तिघरा धरण, जिथे अभियंते विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे खडकवासला धरणानंतर बसले, ते १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटलं. वाळूखडकाच्या पायात पाणी मुरलं, माथ्यावरूनही वाहू लागलं आणि दगडी बांधकामाचे मोठे तुकडे जागेवरून सरकले. पुढे ते नव्याने बांधलं, आणि आजही आपण त्याचंच पाणी पितो. वरून येणारं पाणी सगळ्यांना दिसत होतं. पायाखाली शिरलेलं दिसत नव्हतं.

घरात उपाय सोपे आहेत. नुसती टाकी असेल तर गरम लाइनवरून एक एअर पाइप टाकीच्या पातळीच्या वर काढा. प्रेशर पंप असेल तर फुगलेलं पाणी सामावणारी छोटी हवेची टाकी त्याच्या पुढे लावा. गच्चीवरची नळी झाका. आणि गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून दोन थेंब पडले, तर ते त्याचं कामच आहे. बादली नको म्हणून तिथे बूच मारणारी घरं मी पाहिली आहेत. आज घरी गेल्यावर आधी तेवढं पाहा, आणि बूच असेल तर गीझर बंद करून, निवल्यावर, ते काढून टाका.