आधी लस आणा, मग कागद मागा
(नवापूर येथे युवक मेळाव्यात केलेले भाषण)



आपण नवापुरात बसलोय, तेव्हा इथल्या स्टेशनापासूनच सुरुवात करू. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशन मास्तरचं ऑफिस तिकडे. मुंबई-पुण्याचे लोक त्या रेषेवर उभे राहून फोटो काढतात. इथल्या माणसाला मात्र ऊसतोडीला, सुरतेच्या कारखान्यात, पोटासाठी ती रेषा ओलांडावीच लागते. २५ नोव्हेंबर २०२० पासून महाराष्ट्राने गुजरातेतून येणाऱ्याकडे आरटीपीसीआरचा कागद मागितला. १ एप्रिल २०२१ पासून गुजरातने बाहेरून येणाऱ्याकडे तोच मागितला. एका बाकड्याच्या दोन टोकांना दोन सरकारं, आणि दोघांनाही पाहिजे कागद. तुझ्या घरात चूल पेटली का, हे कुणी विचारलं नाही.

मग लस आली आणि कागद बदलला. आता लसीचं सर्टिफिकेट. ते दाखव, मग लोकलमध्ये चढ. ते दाखव, मग दुकानात ये. या कागदाबद्दल मी बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच साफ करतो. मी लसीच्या विरोधात उभा नाही. लस ही माणसाच्या बुद्धीची कमाई आहे, कुण्या देवाचा प्रसाद नाही. १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने मुंबईत प्लेगची लस बनवली आणि पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आधी स्वतःला, मग लोकांना. कोरोनाच्या लसीनेही मरणं थांबवली. ज्यांच्या खोलीत दहा माणसं झोपतात आणि चाळीत चार संडास असतात, त्यांना या लसीची गरज बंगल्यातल्या माणसापेक्षा जास्त होती. म्हणूनच माझा राग लसीवर नाही. लस कुणाला आधी मिळाली आणि कागद कुणाकडे आधी मागितला, यावर आहे.

तारखा बघा. १ मे २०२१ ला अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली. खुली म्हणजे कशी? कोविनवर आधी नोंदणी, मोबाइलवर ओटीपी, मग स्लॉट. आणि तो कोविन तेव्हा फक्त इंग्रजीत. मराठी, हिंदी वगैरे भाषा जूनमध्ये आल्या. भिली, मावची बोलणाऱ्याने काय करायचं, त्याने स्लॉट कुठल्या भाषेत पकडायचा? ज्याच्या बोटाला वेग आणि मोबाइलला रेंज, त्याचा डोस. शहरातली माणसं स्लॉट पकडून मोटारीने खेड्यातल्या केंद्रांवर गेली, टोचून घेतलं आणि परत आली. गावातला माणूस ओट्यावर बसून बघत राहिला. ३१ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टालासुद्धा सरकारला विचारावं लागलं, की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचं काय? २१ जूनपासून सगळ्या प्रौढांना केंद्राकडून फुकट लस सुरू झाली. आणि खाजगी दवाखान्यात? कोव्हिशील्डला ७८० रुपये, कोव्हॅक्सिनला १४१०. हा कमाल भाव सरकारनेच ठरवून दिला होता. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराने एका डोससाठी किती दिवस राबायचं, हा हिशोब तुम्हीच करा.

आता दुसरा हिशोब, हा मी करून आणलाय. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सामान्य माणसाला खुली झाली. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त! अट काय? दोन डोस, आणि दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस. बहुतेकांना मिळाली ती कोव्हिशील्ड. तिच्या दोन डोसांत चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर, हा नियम सरकारचाच. आता धारावीतला एक पोरगा धरा. २१ जूनला, म्हणजे फुकट लस सुरू झाली त्याच दिवशी, सकाळी पहिल्या नंबरला उभं राहून त्याने डोस घेतला. दुसरा कधी? १३ सप्टेंबरला. त्यावर चौदा दिवस, म्हणजे २७ सप्टेंबर. याने एक दिवस उशीर केला नाही, एकही नियम मोडला नाही. तरी लोकलचं दार त्याला सहा आठवडे बंद. आणि ज्याने पैसे मोजून मे महिन्यातच टोचून घेतलं, तो ऑगस्टमध्ये खिडकीजवळ बसून ऑफिसला. यात लस न घेण्याचा हट्ट कुठे आहे? आहे तो फक्त खिशाचा फरक. सरकारने त्याला आरोग्याचा शिक्का मारला.

तिथून इकडे या. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी निघाली. त्यात आपला नंदुरबार होता. निम्म्याहून जास्त लोकांना पहिला डोससुद्धा लागलेला नव्हता. पेपरवाल्यांनी लिहिलं, आदिवासी घाबरतात, अफवांवर विश्वास ठेवतात. अफवा होत्या, खोटं कशाला बोलू. पण भीती आकाशातून पडते का? याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगावकडची नर्मदेकाठची ३३ गावं सरदार सरोवराच्या पाण्याने गिळली. ज्या सरकारी गाडीतून आजवर फॉरेस्टचा शिपाई आणि उठायची नोटीस उतरली, त्याच गाडीतून लस उतरली तर माणूस आधी जंगलाकडे पळणारच. हा अडाणीपणा नाही, अनुभव आहे.

आणि याच जिल्ह्याने दुसरी रीतही दाखवली. तेव्हाचे कलेक्टर राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबातला माणूस. पहिली लाट ओसरली तेव्हा बाकीचे निवांत झाले, इथे ऑक्सिजनचे प्लांट उभे राहिले. नदीकाठच्या पाड्यांवर डॉक्टर होडीतून गेले. म्हणजे मनात आणलं तर दवाखाना माणसाकडे जाऊ शकतो. प्रत्येक वेळी माणसानेच दाराशी जाऊन हात पसरायचा, असं काही नाही.

नवापूरकरांना मी साथीचा बंदोबस्त काय शिकवू? फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. कोंबडीला कुणी विचारत नाही. तिच्याभोवती रेघ मारतात आणि काम उरकतात. माणसाला विचारावं लागतं, समजावून सांगावं लागतं, त्याच्या भाषेत. हे ज्या अधिकाऱ्याला कळत नाही तो माणसाभोवतीही रेघच मारतो.

ती रेघ कुठवर गेली बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हुकूम निघाला: निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही. मॉल ही चैन आहे, सिनेमा ही हौस आहे. रेशन म्हणजे भाकर आहे, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क आहे. ताट ओढून घेऊन दंड पुढे करायला सांगायचं, याला आरोग्यसेवा म्हणायचं? कुणी म्हणेल, पण त्या हुकुमानंतर केंद्रांवर रांगा लागल्या ना? लागल्या. भुकेने रांग लागतेच. गावाने बहिष्कार टाकून पाणी तोडलं की म्हारवाड्यातही माणसं वाकत होती. वाकली म्हणून बहिष्कार बरोबर ठरत नाही.

मग २७ नोव्हेंबरला राज्याचा हुकूम. दुकान, मॉल, कार्यक्रम, बस, सगळीकडे पूर्ण लसवंतालाच प्रवेश. नियम मोडणाऱ्या माणसाला पाचशे दंड, दुकानाला दहा हजार. आता दहा हजाराच्या भीतीने दारावर उभा राहिला कोण? पगार तुटेल म्हणून घाबरलेला वॉचमन. आपलाच कुणी तरी. गरिबाने गरिबाला अडवायचं आणि साहेबाने एसीत बसून आकडे मोजायचे. ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे.

आता आपल्या घरातली एक गोष्ट, आणि ती जरा कडूच आहे. त्या काळात काही लोक म्हणायला लागले, लस न घेणाऱ्यांवर ही ‘नवी अस्पृश्यता’ आहे. आपल्यातल्याही काहींनी टाळ्या दिल्या. मी म्हणतो, हा शब्द आम्ही कुणाला उसना देणार नाही. ज्यांना जन्मात कुणी दाराबाहेर उभं केलं नव्हतं, त्यांना दोन महिने मॉलच्या दारात थांबावं लागलं, तर लगेच आमची जखम अंगाला लावून फिरायला लागले? १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी आपण प्यायलो, तर त्यांनी शेण-गोमूत्राने तळं शुद्ध केलं. त्या बाटण्यावर कुठली लस होती? सर्टिफिकेटवाला माणूस दुसरा डोस घेऊन आत जातो. जातीला दुसरा डोस नाही.

पण शब्द उसना द्यायचा नाही म्हणून दारावरच्या अन्यायाकडे पाठ फिरवायची, असंही नाही. बाबासाहेबांच्या घटनेत कलम १५ आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तळी, घाट, रस्ते, यांची नावं घेऊन तिथे सांगितलंय, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही. लस त्या यादीत नाही, बरोबर. साथीत सरकार काही बंधनं घालू शकतं, हेही बरोबर. पण ज्या घटनेने दारांची यादी करून ठेवली, तिच्या राज्यात दार बंद करणाऱ्याने कारण सांगितलंच पाहिजे.

कारण मागायला लोक कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने लोकलबंदीचे हुकूम कायद्याप्रमाणे निघाले नाहीत, असं सरकारला सुनावलं. २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, राज्याने सगळेच निर्बंध उठवले. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. खंडपीठावर न्या. नागेश्वर राव आणि आपले अमरावतीचे न्या. भूषण गवई. त्यांनी सांगितलं: लसीकरणाचं धोरण गैर नाही. कुणावर लसीची जबरदस्ती करता येणार नाही. बंधन घालायचं तर ते कायद्याने, गरजेपुरतं आणि प्रमाणात. लस न घेतलेल्यामुळे जास्त संसर्ग पसरतो, याचा पुरावा सरकारं समोर ठेवू शकली नाहीत. म्हणजे दार लावलं होतं, पण कारण खिशात नव्हतं.

गंमत बघा. २०२१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने आपलं सर्टिफिकेट मान्य केलं नाही, तेव्हा दिल्लीचा स्वाभिमान केवढा पेटला! ४ ऑक्टोबरपासून इंग्रजांनाही इथे क्वारंटाइन. आठवड्यात इंग्लंड नमलं. लंडनच्या दारात अडवलं तर राष्ट्राचा अपमान, दादरच्या दारात मोलकरणीला अडवलं तर शिस्त?

दोस्तांनो, ज्या साथरोग कायद्याचा आधार २०२० मध्ये घेतला तो १८९७ चा आहे. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. रँडचे सोल्जर घराघरात घुसत होते. आणि त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड नावाच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात पोचल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्चला त्या गेल्या. साथीशी लढायच्या या दोन रीती आहेत. एक दार अडवते. एक पाठीवर घेते. आपली कुठली, हे मी सांगायला नको.

साथ पुन्हा येणार. कुठली, कधी, कुणाला ठाऊक. पण कागद मागणारा हात पहिल्या दिवशी येईल, हे पक्कं. तेव्हा नुसतं ‘आमचं शरीर, आमची मर्जी’ म्हणत बसू नका, ती भरल्या पोटाची घोषणा आहे. वस्तीत रजिस्टर घेऊन फिरा. कुणाला लस मिळाली नाही, का नाही, लिहा. म्हातारीला केंद्रावर न्या, आणि केंद्र लांब असेल तर केंद्रच वस्तीत आणायला लावा. तहसीलवर मोर्चा न्यायचा तो लस नको म्हणून नाही, लस इथे का नाही म्हणून. आणि रेशनच्या दारावर कुणी सर्टिफिकेट मागितलं, तर त्याला विचारा: साहेब, माझ्या वस्तीत लस किती तारखेला आली? ती तारीख आधी दाखवा. माझा कागद मग बघा.

जयभीम. जोहार.