शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांस

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास चार शब्द बोलण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मघाशी पारितोषिक घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास 'पुढे कोण होणार?' असे विचारण्यात आले. डॉक्टर, इंजिनिअर अशी उत्तरे आली आणि टाळ्या पडल्या. एक मुलगी मात्र "मला शिक्षिका व्हायचे आहे" असे म्हणाली, तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. मागून कोणी हसलेही. म्हणून लिहून आणलेले भाषण बाजूस ठेवून मी तिच्या उत्तराविषयीच बोलणार आहे.

हसणाऱ्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या पुतणीने हीच इच्छा बोलून दाखविली, तेव्हा छत्तीस वर्षे खडू हाती धरलेला मी तिला म्हणालो होतो, "पोरी, दुसरे काहीही कर." तिने विचारले, "काका, तुम्हांला पश्चात्ताप होतो का?" मी निरुत्तर झालो. पश्चात्ताप मला कधीच झाला नव्हता. मी केवळ कष्ट मोजले होते.

ते कष्ट आपणही जाणून घ्यावेत. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस कायद्याने दोन शिक्षक मिळतात. वर्ग चार असले, की प्रत्येकाच्या वाट्यास एकाच वेळी दोन वर्ग येतात. पहिलीस अक्षरे गिरवावयास बसवून दुसरीची वजाबाकी घ्यावयाची, दुपारी मुलांच्या पानात खिचडी पडली की नाही हे पाहावयाचे आणि जे मूल आले नाही त्याच्या घरी संध्याकाळी जावयाचे. जनगणना व निवडणूक ही कामे शिक्षकांकडून करून घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही मुभा ठेवली आहे. लोकांस शिक्षकाच्या सुट्ट्या दिसतात. रात्री घरी येणारे वह्यांचे गठ्ठे दिसत नाहीत.

परंतु महाराष्ट्र ज्यांनी घडविला, त्यांत अशा कष्टकऱ्यांची गणना अग्रभागी करावी लागेल. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी अंगावर आलेले शेण व चिखल सोसले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते कार्य वाढले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणावरही भरविली. मूल आले नाही तर दोष मुलाचा न मानता आपण त्याच्याकडे जावे, हा शिक्षकाचा खरा धर्म होय.

ज्या मुलामुलींस हा मार्ग धरावयाचा आहे, त्यांना मी खोटा धीर देणार नाही. बारावीनंतर दोन वर्षांची अध्यापन पदविका, त्यावर पात्रता परीक्षा व अभियोग्यता चाचणी आणि नेमणूक मिळाल्यावर तीन वर्षे मानधनावर शिक्षणसेवक म्हणून काम, असा हा मार्ग आहे. भरतीची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे जातात. घरच्यांचा आधार नसेल, तर गुणी मुलेही मध्येच माघार घेतात.

येथेच आपले कर्तव्य सुरू होते. आपल्या विद्यानिधीतून वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणास साहाय्य मिळते, ते योग्यच आहे. परंतु अध्यापन पदविकेस ते मिळत नाही. ज्या डॉक्टरांचा व इंजिनिअरांचा आपण गौरव करतो, त्यांचा हात धरून पहिले अक्षर कोणी तरी गिरवून घेतले होतेच ना? पुढील वर्षापासून हा निधी भावी शिक्षकांसही खुला करावा, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. त्यासाठी माझे एका महिन्याचे निवृत्तिवेतन मी आजच कोषाध्यक्षांकडे देत आहे.

माझ्या पुतणीने माझे ऐकले नाही. ती आज एका खेड्यात शिकविते आणि मी तिची क्षमा मागितली आहे. मघाच्या त्या मुलीस मी उभे राहण्यास सांगतो. ज्ञातिबंधू-भगिनींनो, तिच्या वाट्याच्या टाळ्या देणे राहून गेले आहे. तेवढे ऋण फेडून मगच आपण भोजनास उठू या.