अंगचा कस आणि फ्लूची लस



"आमच्या अंगात ज्वारीच्या भाकरीचा जोर आहे; आम्हांला फ्लूची सुई कशाला?" वाशीम-रिसोडकडे पारावर असा सवाल कुणी केला, तर तो हसण्यावारी नेऊ नये. निसर्गाने देहाला राखणदार दिलेच आहेत. कातडी, नाकातला ओलावा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, हे सारे रात्रंदिवस जागे असतात. सकस अन्न, पुरेशी झोप आणि विडी-तंबाखूचा त्याग यांनी त्यांचे बळ टिकते.

पण राखणदार कितीही बळकट असला, तरी त्याला चोर ओळखता आला पाहिजे ना? १९१८ साली मानमोडीची साथ आली, ती फ्लूचीच. देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या वर्षी पाऊसही फसला होता. उपासमारीने साथीला हात दिला. तरीही मृतांत वीस ते चाळीस वयाची धडधाकट, कर्ती माणसेच फार होती. केवळ अंगचा कस त्यांना पुरला नाही.

लस हेच ओळखीचे काम करते. सुईतून देतात त्या लसीत मारलेल्या विषाणूचे अंश असतात. त्याने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, इतकेच. म्हणजे लस ही अंगच्या शक्तीची सवत नव्हे, तिची शिक्षिका आहे. हा विषाणू मात्र बहुरूपी! तो रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.

लस घेतली की फ्लू होणारच नाही, असे मात्र नाही. साध्या सर्दीवर तर तिचा उपाय नाहीच. पण दुखणे जिवावर बेतण्याचा धोका ती कमी करते.

मग निर्णय कसा घ्यावा? घरात गरोदर सून, म्हातारे आईवडील, सहा महिन्यांवरचे लहान मूल, मधुमेहाचा, दम्याचा वा हृदयविकाराचा रोगी असेल, तर आधी त्यांचा विचार करा. पूर्वी एखाद्या लसीची मोठी रिअॅक्शन आली असेल, तर डॉक्टरांना अगोदर सांगा. लसीचे बळ यायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीच आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

गुरुजनहो, एवढी गोष्ट वर्गात सांगा. मुले ती घरी नेतील. भाकरीही हवी आणि लसही. एकीने दुसरीची जागा भरत नाही.