हळद पिवळीच राहिली पाहिजे

मागच्या बैठकीला आमच्या गटातली एक मैत्रीण मिठाईचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या, तिच्या आईच्या लग्नातल्या, १९८८ सालच्या. आई जाऊन वर्ष होत आलं. भिंतीवरचा फोटो पार विटलेला. एका दुकानातून तिनं निगेटिव्हवरून नवा फोटो करून आणला होता, तर त्यात आई गोरीपान आणि अंगावरची हळद गायब! ती म्हणाली, "हे माही माय नाही वं."

मग आम्हीच बसलो. आमच्यातल्या एकीची मुलगी अमरावतीला शिकते, तिचा लॅपटॉप होता. खिडक्या लावल्या, एका मोबाइलचा पडदा कोरा पांढरा करून त्यावर काच आणि तिच्यावर पट्टी ठेवली, आणि दुसऱ्या मोबाइलनं वरून फोटो काढला. पट्टी पडद्याला चिकटली की पडद्याचे बारीक ठिपके फोटोत येतात, म्हणून मध्ये काच. मोबाइलमध्ये रात्री डोळ्यांसाठी पिवळा उजेड लावायची सोय असते, ती आधी बंद करा. आमचा पहिला अर्धा तास त्यातच गेला.

रंगीत निगेटिव्ह नारिंगी का दिसते? फिल्ममध्ये रंगाचे तीन थर असतात आणि ते रंग पुरते शुद्ध नसतात, एकाचा डाग दुसऱ्याच्या कामात पडतो. तो झाकायला कोडॅकनं १९४० च्या दशकाच्या शेवटी फिल्ममध्येच हा नारिंगी मुखवटा घातला. म्हणजे तो दोष नव्हे. पण फोटो नुसता उलटा केला, काळ्याचं पांढरं केलं, की नारिंगीचं निळं होतं आणि सगळं वऱ्हाड निळ्या धुक्यात उभं राहतं. म्हणून आधी पट्टीच्या रिकाम्या कडेचा, जिथं काहीच उमटलेलं नाही तिथला रंग सॉफ्टवेअरला दाखवायचा: हा एवढा वजा कर. डार्कटेबल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात याच कामाचं 'नेगाडॉक्टर' आहे. नाव ऐकून आम्ही खूप हसलो.

इथवर सोपं. पुढं मुलीनं 'ऑटो' दाबलं आणि हळद गेली. दुकानातही असंच झालं असणार. मशीनला काय ठाऊक हळदीचा दिवस? सगळीकडं पिवळं दिसलं की त्याला वाटतं रंग बिघडला, आणि ते पिवळं काढून निळं ओततं. सावळा चेहराही त्यासोबत फिका पडतो.

चेहऱ्याची ही गोष्ट जुनीच आहे. परदेशात फोटो धुणाऱ्या लॅबना कोडॅककडून रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड मिळायचं. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर! वेगवेगळ्या वर्णांच्या बायांचं कार्ड १९९० च्या दशकात आलं. तोवर आपल्यासारख्या सावळ्या बायांचे किती चेहरे चुकीचे छापले गेले असतील, कोण मोजणार.

तर आम्ही ठरवलं, फोटोत एखादी पांढरी वस्तू शोधू आणि तिच्यावरून रंग लावू. आजोबांचं धोतर सापडलं. त्यावर बोट ठेवलं, तर सगळं जास्तच पिवळं झालं. कोपऱ्यात बसलेली म्हातारी मावशी बोलली, "अवं, त्या धोतराले नीळ घालत होतो आपन!" खरंच की. नीळ घातलेलं धोतर डोळ्याला पांढरं, पण ते निळसर. त्याला पांढरं मानलं की बाकीचं पिवळं पडणारच.

शेवटी उपाय पट्टीतच होता. हळदीच्या शेजारच्या चौकटीत, त्याच अंगणात, त्याच उन्हात पोरं विजेच्या सिमेंटच्या खांबाला धरून उभी. सिमेंट राखाडी, त्याला ना नीळ ना हळद. खांबावरून त्या चौकटीचा रंग जुळवला आणि तेच आकडे हळदीच्या चौकटीला दिले. हळद पिवळी आली, लुगडं हिरवं आलं, आई सावळी आली. मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बांगड्या मोज." मोजल्या, एका हातात नऊ दिसल्या.

मात्र हे आकडे घरातल्या चौकटीला चालत नाहीत. शंभरच्या बल्बखाली फोटो पिवळा-लालसर येतो, ट्यूबलाइटखाली हिरवट. तिथं पुन्हा नवी राखाडी वस्तू शोधा.

एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात आपल्या अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. पेटी टिनाखालच्या माळ्यावर असेल तर थर आपोआप विरतात, आणि तिन्ही सारखे विरत नाहीत. निळा-हिरवा थर आधी गेला तर कागदावरचा फोटो लाल पडतो. निगेटिव्हचं उलटं: तिच्यावरून काढलेला फोटो निळसर-हिरवा येतो, तोही उजेडाच्या भागात जास्त, सावलीत कमी. मग उजेडाचा रंग वेगळा आणि सावलीचा वेगळा सुधारावा लागतो. आम्ही त्यात अजून कच्च्याच आहोत.

तुमच्याकडं पट्ट्या असतील तर त्या बटर पेपरात घालून आतल्या थंड खोलीत ठेवा. धरताना कडेनं धरा, आणि हात कोरडे असू द्या. पुढच्या बैठकीला घेऊन या, सोबत लग्नाला हजर असलेली एखादी म्हातारी आणलीत तर फारच बरं.