छोट्या कॅमेऱ्याला फिल्टर लावताना

आज टेबलावर दोन कॅमेरे आहेत. एक चालतो, एक मी मारला. आधी मारलेला बघा.

हा खिशात मावणारा कॅमेरा. बटण दाबलं की भिंग बाहेर यायचं, बंद केलं की आत जायचं. मला त्याला पोलरायझर लावायचा होता, कारण बूढ़ा तालाबाचे फोटो काढले की पाण्यावर नुसती पांढरी चमक यायची. पुढे आटे नव्हते. म्हणून मी फिल्टरची रिंग सरळ भिंगाच्या तोंडाला चिकटवली. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी भिंग अर्ध्यावर अडकलं, आतून कर्रर्र आवाज आला आणि पडद्यावर लेन्स एरर. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं: आत नखाएवढी मोटर आणि प्लास्टिकच्या दातेरी चकत्या. एका चकतीचे दात गेले होते. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी कॅमेरा तसाच घरी आणला.

चूक माझीच. ती मोटर स्वतःचं भिंग ढकलण्यापुरती असते. वर आणखी काच-पितळ टांगलं की तिचा जीव जातो. म्हणून वजन भिंगावर नाही, कॅमेऱ्याच्या अंगावर यायला हवं. अडॅप्टर नावाची नळी एवढ्याचसाठी.

आता दुसरा, चालणारा कॅमेरा. कॅननचा पॉवरशॉट ए620, 2005 सालचा. भिंगाभोवतीची ही रिंग बघा. शेजारचं बारीक बटण दाबून फिरवली की निघते. तिच्या जागी नळी बसते, तिचं नाव एलए-डीसी58एफ. भिंग नळीच्या आत मोकळेपणी पुढे-मागे होतं, कशालाही टेकत नाही. नळीच्या तोंडाला 58 मिलिमीटरचे आटे आहेत, म्हणजे बाजारात मिळणारा कुठलाही 58चा फिल्टर बसतो. ए570 आयएसला मात्र नळी वेगळी, 52ची. त्यामुळे ‘कॅननची नळी द्या’ एवढं सांगून भागत नाही, मॉडेल सांगावं लागतं. आणखी एक, रायपूरच्या दुकानात ‘आटे’ म्हणालात तर समोरचा तोंडाकडे बघत राहतो. ‘चूड़ी’ म्हणा.

हा 58 म्हणजे फिल्टरचा व्यास. फिल्टरच्या कडेवर, तिरपी रेघ मारलेल्या गोलाशेजारी छापलेला असतो. भिंगावरही मिलिमीटरमध्ये आकडे असतात, पण ते नाभीय अंतराचे. या दोन्हींची गल्लत करून चुकीची रिंग आणणारे मला दर महिन्याला भेटतात. घरी मोठा फिल्टर पडला असेल तर स्टेप-अप रिंग घ्या, 52 वरून 58 अशी. उलट, मोठ्या नळीला छोटा फिल्टर लावला तर चित्राचे कोपरे काळे पडतात.

ज्यांच्या कॅमेऱ्याला अशी काढता येणारी रिंगच नाही, त्यांचं काय? सोनीने आरएक्स100 मालिकेसाठी चिकटवायची 49ची रिंग काढली होती. कंपनीने त्याच भिंगासाठी मोजूनमापून केलेली असेल तर ठीक. माझ्यासारखं घरगुती चिकटवू नका. त्यापेक्षा फिल्टर हातात धरा. हो, नुसता बोटांनी, भिंगाला न टेकवता. दिसायला गावठी, पण मोटर वाचते.

पोलरायझर घेताना दुकानदार महागडा ‘सर्क्युलर’च देईल. आरशाच्या एसएलआरला तो लागतो. आपल्या कॅमेऱ्यात आरसा नाही, फोकस सेन्सरवरूनच होतो, त्यामुळे जुना लिनिअरही चालतो. वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या डब्यात बघा, बहुतेक सापडेल. तळ्याकाठी पाण्याकडे तिरपं, पृष्ठभागापासून साधारण 37 अंशांनी बघा आणि फिल्टर हळूहळू फिरवा. चमक विरघळते आणि खालचं शेवाळ दिसतं. पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो, म्हणून संध्याकाळी तो काढूनच ठेवा.

माझा सगळ्यात आवडता तुकडा मात्र क्लोज-अप भिंग. हिशेब सोपा: शंभरला डायॉप्टरने भागा, तेवढे सेंटिमीटर. +2 ला 50, +4 ला 25. झूम पूर्ण ओढा आणि तेवढ्या अंतरावर जा. अंगणातल्या आंब्यावर पानं विणून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, बस्तरमध्ये ज्यांची चापड़ा चटणी करतात त्या, यानेच टिपल्या. पंचवीस सेंटिमीटर म्हणजे मुंगी तुमच्या मनगटावर चढू शकते एवढं अंतर. चढते, आणि चावतेही.

वाइड कन्व्हर्टरबद्दल माझं मत फार चांगलं नाही. सिरपूरचं लक्ष्मण मंदिर एका चौकटीत यावं म्हणून घेऊन गेलो होतो. मंदिर विटांचं, थरावर थर. भिंगाने सरळ रेघ जराशी वाकवली तरी ती विटांमध्ये लगेच दिसते. शेवटी कन्व्हर्टर काढला, वीस पावलं मागे गेलो, फोटो बरा आला. जिथे मागे जायला जागाच नाही, तिथेच तो लावा.

नळी लावल्यावर फ्लॅश विसरा. तिची गोल सावली चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पडते. आणि वरचा हा छोटा व्ह्यूफाइंडर अर्धा झाकला जातो. त्याचीच एक गोष्ट सांगायची राहिली.

22 जुलै 2009 चं सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा गेला, रायपुरात खंडग्रास. आदल्या दिवशी मी गच्चीवर सराव करत होतो. नळीवर सूर्याची फिल्म घट्ट बसवलेली, स्वतःवर खूश. सवयीने डोळा व्ह्यूफाइंडरकडे न्यायला लागलो, तर आई म्हणाली, “अरे, झाकलीस ती काच वेगळी. तू बघणार ती कुठे झाकली आहेस?”

बरोबर होतं. या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर भिंगातून बघतच नाही, त्याची खिडकी वेगळी. फिल्म सेन्सरला वाचवते, डोळ्याला नाही. त्या दिवसापासून सूर्याकडे कॅमेरा वळवायचा तर आधी व्ह्यूफाइंडरवर काळी चिकटपट्टी, मग बाकीचं. बघायचं ते फक्त मागच्या पडद्यावर. फिल्म भिंगाच्या पुढेच लावायची, आणि वाऱ्याने उडणार नाही अशी. फिल्मची घनताही वाचा. 5 म्हणजे लाखातला एक भाग उजेड आत येतो. 3.8 ची फिल्म फक्त फोटोसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. एनडी फिल्टर एकावर एक चढवून तर मुळीच नाही.

आता ही नळी काढतो. आत बघा, उरला-सिलतराकडून येणारी काळी धूळ. फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात. रबरी ब्लोअर घ्या, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि मग दाबा.